एक कल अहवाल आणि चाळीस तुरीचे दाणे

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमची शाळा आहे. दसरा झाला की गावातले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्याला निघतात. भांडीकुंडी, शेळ्या, पाळण्यातली लेकरं, सगळं एका गाडीत भरतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं तेवढी उरतात. दहावीचं वर्ष नेमकं याच महिन्यांत येतं. पुढं काय शिकायचं हे ज्यांच्याशी बोलायचं ते आई-बाप तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात.

2016 साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली आणि शाळेत ते काम माझ्याकडे आलं. कृषी, वाणिज्य, आरोग्य विज्ञान, तांत्रिक, ललित कला, कला व मानव्यविद्या आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं. मुलाने उत्तरं द्यायची आणि त्याचा कल कुठे आहे याचा अहवाल त्याला मिळायचा. पुढे ही चाचणी मोबाईल ॲपवर आली. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलासारखाच, तोही फुकट, संगणकाच्या मदतीने सल्ला मिळणार याचा मला मनापासून आनंद झाला होता आणि आजही ते पाऊल मला मोलाचं वाटतं. पण 2018-19 च्या दहावीतल्या एका मुलीने मला तो अहवाल नव्याने वाचायला शिकवलं. तिचं नाव आणि गाव इथे देत नाही.

चाचणीचा दिवस

शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या लिंबाखाली यायची. आम्हा शिक्षकांचे तीन फोन आणि मुलांची रांग. बाकीची पोरं घाईघाईने बोट फिरवत होती. ही मात्र पहिल्याच प्रश्नाला थांबली.

"मॅडम, इथं जे आवडतंय ते लिहायचं का जे जमंल ते?"

"आवडतं ते लिही."

ती जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "आवडतंय म्हंजी, बघितलेलं ना?"

मागे रांग होती, फोनची बॅटरी उतरत चालली होती. मी "हो हो, लिही" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्या एका प्रश्नात करिअर मार्गदर्शनाची शंभर वर्षांची अडचण होती आणि मी तो तसाच जाऊ दिला.

अहवाल आला. आरोग्य विज्ञान वर, त्याला लागून गणवेशधारी सेवा आणि बाकीची क्षेत्रं थोडीशीच खाली. मी वर्गात सांगून टाकलं, "तुझं क्षेत्र आरोग्य. बारावी सायन्स कर, मग एएनएमचा नर्सिंग कोर्स." वहीत तसं लिहूनही दिलं. ही चूक माझी, चाचणीची नव्हे.

अहवालातल्या रेषा जवळजवळ सपाट होत्या, याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये व्यक्तिमत्त्व आणि व्यवसाय यांची सांगड घालणारी मांडणी केली. जगभरच्या बहुतेक आवड-चाचण्यांवर तिची छाप आहे. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण यांत अंतर किती, याला तो महत्त्व देतो. अंतर फार थोडं असेल तर कल अजून घडलेला नाही, किंवा घडायला पुरेसं काही पाहायलाच मिळालेलं नाही, असं समजून आधी मुलाला कामं दाखवायची असतात. आमच्या गावात पगाराची नोकरी म्हणून मुलीला दिसतात त्या उपकेंद्रातल्या नर्सताई, अंगणवाडीताई, शाळेतल्या आम्ही आणि भरतीत निघालेला एखादा पोलीस. तिने बघितलेल्यातलं लिहिलं. यंत्राने ते इमानदारीने मोजून परत दिलं.

लाल पुठ्ठ्याची वही

फेब्रुवारीत तिच्या फॉर्मवरची एक सही राहिली होती म्हणून मी घरी गेले. ती उंबऱ्यात बसून फोनवर बापाशी बोलत होती आणि मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही होती. पानावर सहा रकाने आखलेले: तारीख, खेपा, टन, खाडा, किराणा, उचल. रोज संध्याकाळी बाप फडावरून कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांचे आकडे सांगायचा आणि ती ते उतरवून घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), त्यातून रोज किती फिटली, वाढे (उसाचे शेंडे) विकून काय आलं, आजारपणाचे खाडे किती लागले, सगळं त्या वहीत होतं. नुसते आपले नव्हे, टोळीतल्या आणखी तीन कोयत्यांचेही आकडे ती ठेवायची, कारण त्यांच्या घरी लिहिणारं कुणी नव्हतं.

आजी चुलीपुढून म्हणाली, "पोरगी हिशोबाला लई पक्की हाय, बाई. औंदा मुकादमानं एकच खाडा दोनदा धरला व्हता. हिनं फोनवरच धरलं. आता त्यो हिलाच इचारून बोलतोय."

पेन्सिलने केलेली ती दुरुस्ती मी पाहिली. तारखेवर गोल, बाजूला फुली आणि खाली नवी बेरीज. चाचणीत हिने वाणिज्य वर का नेलं नाही, असं विचारलं तर ती म्हणाली, "ते दुकानाचं असतंय ना, मॅडम? हे तर घरचं काम हाय." रोज संध्याकाळी ती जे करत होती त्याला लेखापालन म्हणतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दोन वर्षं तिला मी गणित शिकवत होते.

यंत्राने आधी काय विचारलं होतं

त्या रात्री मी माझी जुनी टिपणं काढली. संगणकाच्या मदतीने करिअर मार्गदर्शन ही मोबाईलबरोबर आलेली गोष्ट नाही, ती 1960 च्या दशकातली आहे. त्याआधी, 1908 मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. त्यांचं सूत्र तीन पायऱ्यांचं: स्वतःला ओळखा, कामांची दुनिया ओळखा आणि दोन्हींचा नीट विचार करून मेळ घाला. संगणक आले तेव्हा हा मेळ यंत्राने घालावा ही कल्पना साहजिकच पुढे आली.

इलिनॉय राज्यातल्या व्हिला पार्कच्या विलोब्रूक हायस्कूलमध्ये जोअॅन हॅरिस नावाच्या शाळा-समुपदेशक होत्या. मुलांना लागणारी माहिती वेळेवर पुरवणं माणसाच्या हाताने अशक्य होतं, म्हणून त्यांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी सीव्हीआयएस ही प्रणाली उभी केली. मोठ्या संगणकाला पडदे जोडलेले आणि मुलाचे शाळेतले गुण आत भरलेले. मुलाने निवडलेलं काम आणि त्याची तयारी यांत तफावत असली की यंत्र तसं सांगायचं आणि निवड तरीही मुलाच्याच हातात ठेवायचं. पुढे त्यांनीच डिस्कव्हर ही प्रणाली घडवली आणि ती अमेरिकेत अनेक वर्षं वापरात राहिली. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये डेव्हिड टीडमन यांचा आयएसव्हीडी हा असाच प्रकल्प चालू होता. आकडे यंत्राचे असतात, पण त्यांतून आपल्या उपयोगाची माहिती घडवायची ती विचारणाऱ्याने, हा त्यांचा आग्रह होता. आयबीएमनेही डोनाल्ड सुपर या व्यवसाय-मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने एक प्रणाली केली होती. यंत्रं महाग होती आणि पैसा आटला की प्रकल्प थांबायचे, त्यामुळे यातलं बरंच काही शाळांपर्यंत पोचलं नाही.

मी थांबले ते मार्टिन कॅट्झ यांच्या पानावर. प्रिन्स्टनमधल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या चाचण्या बनवणाऱ्या संस्थेत त्यांनी सिगी ही प्रणाली घडवली आणि 1970 च्या दशकात ती अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत गेली. तिथे शिकणारी मुलं बरीचशी कष्टकरी घरातली असत. सिगी मुलाला विचारायची, कामातून तुला काय हवंय आणि त्यासाठी काय सोडशील? त्यासाठी दहा मूल्यं होती: उत्पन्न, प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, इतरांना मदत, सुरक्षितता, वैविध्य, नेतृत्व, मोकळा वेळ, आवडीचं क्षेत्र आणि लवकर कामाला लागणं.

ही यादी मी पूर्वी कितीदा वाचली होती, पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की आवड ही तिथे दहातली एक आहे. मी वाचलेल्या कल अहवालात आवड हेच सगळं. आणि 'लवकर कामाला लागणं' हे मूल्य तिथे मानाने यादीत बसलेलं आहे, तर मी मात्र माझ्या मुलांच्या तोंडून ते ऐकलं की "आधी शिक्षणाचं बघ" म्हणून गप्प करत आले होते.

सिगीत मूल्यांचा एक खेळ होता. आधी मूल्यांना भार द्यायचा. मग यंत्र एक नोकरी पुढे करतं, ज्यात तुमचं लाडकं मूल्य भरपूर आहे पण दुसरं काहीतरी गेलेलं आहे, आणि विचारतं, घेशील? तुमचं उत्तर आणि आधी दिलेला भार जुळत नसतील तर ते दाखवून देतं. शेवटी भार पुन्हा वाटायचे, पण एकूण चाळीसच गुण आणि एकाला जास्तीत जास्त आठ. सगळंच आठ-आठ हवं म्हणता येत नाही. त्या बंधनातच सगळी खुबी आहे.

दाणे

संगणकाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या ओसरीत जुन्या वहीच्या पानांच्या दहा चिठ्ठ्या मांडल्या. आजीने सुपातून तुरीचे चाळीस दाणे मोजून दिले आणि तीही शेजारी बसली.

पहिल्या मांडणीत उत्पन्न, सुरक्षितता, मदत आणि लवकर कमाई या चारींवर आठ-आठ पडले. प्रतिष्ठेवर चार, स्वातंत्र्य आणि आवडीच्या क्षेत्रावर दोन-दोन. वैविध्य, नेतृत्व, मोकळा वेळ कोरे. "मोकळ्या येळेचं काय करायचंय?" असं आजीच म्हणाली.

मग मी नोकऱ्या पुढे करत गेले. तालुक्याच्या कापडाच्या दुकानात दहावीचा पेपर झाला की लगेच काम, महिन्याच्या महिन्याला पगार, पण दहा वर्षांनी तोच काउंटर. घेशील? ती म्हणाली, घेईन. मग, तेच दुकान, पण मालक हिशोब तुला दाखवणार नाही, सांगेल ते घ्यायचं. घेशील?

ती एकदम "नाही" म्हणाली. इतक्या जोरात की आजीने मान वर केली.

"कामून गं?"

"मुकादमासारखंच झालं ना मग ते."

लवकर कमाईवरचे दाणे तिने स्वतःच उचलायला सुरुवात केली. ते हातात धरून ती बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत बसली आणि मग तिने विचारलं, "मॅडम, ह्याच्यात एक कमी हाय. मी लिहू का?" तिने लिहिलं: आई-आबाला कारखान्याला जावं लागू नये. ही अकरावी चिठ्ठी. प्रिन्स्टनमध्ये बसून केलेल्या यादीत ती नसणं समजू शकतं. 'इतरांना मदत' मध्ये ती बसत नाही, कारण आई-बाप इतर नव्हेत. 'उत्पन्न' मध्येही पूर्ण बसत नाही. एका माणसाचं करिअर ही त्याची एकट्याची गोष्ट आहे असं धरून त्या प्रणाली बांधल्या गेल्या. आमच्याकडे ती घराची गोष्ट असते आणि पुष्कळदा टोळीचीही.

शेवटची मांडणी अशी: नवी चिठ्ठी आठ, सुरक्षितता आठ, उत्पन्न सहा, स्वातंत्र्य सहा, आवडीचं क्षेत्र सहा, लवकर कमाई तीन, मदत तीन. सुरक्षितता म्हणजे काय असं विचारलं तर म्हणाली, "हिशोब आपल्या हातात असणं." सरकारी नोकरी असं उत्तर मी धरून चालले होते.

दाण्यांचा हा खेळ प्रमाणित चाचणी नव्हे. मी समोर बसलेली होते, नोकऱ्या मीच रचल्या होत्या आणि वही पाहून वाणिज्य माझ्या डोक्यात आधीच आलं होतं, हे सगळं त्या मांडणीत उतरलं असणार. म्हणून त्यावरून मी तिला एकही कोर्स सुचवला नाही. फक्त तालुक्याच्या एका कर सल्लागारांच्या कार्यालयात दोन रविवार बसवलं. तिथे तिने संगणकावर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी पडताना पाहिल्या. परत येऊन म्हणाली, "सहा रकानेच हायेत मॅडम, नुसते नावं येगळे."

बाप परतला तेव्हा

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकरच्या खेपा, जनावरं चारा छावणीत. हंगाम लवकर आटोपला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिचे आई-बाप आले. उचल पुरती फिटली नव्हती. बापाचं म्हणणं सरळ होतं: एक वर्ष पोरगी आजीजवळ राहील, मग कुठंतरी स्थळ बघू. आमच्या भागात मुली कमी वयात का उजवल्या जातात याचं कारण मी त्यांच्याकडूनच समजून घेतलंय. सहा महिने घरी आई-बाप नाहीत, म्हातारीच्या भरवशावर वाढती पोरगी, त्यांच्या पोटात भीती असते. तिला 'अडाणीपणा' म्हणून मोकळं होता येत नाही.

मी अहवाल नेला नाही. लाल वही नेली. "दादा, टोळीतल्या चार कोयत्यांचा हिशोब ही फुकट ठेवते. हेच काम शिकून केलं तर त्याचे पैसे मिळतात." ते गप्प राहिले. मग त्यांनी जे प्रश्न विचारले त्यातल्या एकाचंही उत्तर कुठल्याच ॲपमध्ये नव्हतं. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स आहे का? नाही, आर्ट्स आणि सायन्सच. तालुक्याला आहे. मग जाणं-येणं? सकाळची एसटी पावणेसातला, परतीची दुपारी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. तिच्याबरोबर आणखी कोण? पुढच्या फाट्यावरून दोघी. फी किती, पुस्तकं कुठून? हे सगळं मी एका पानावर लिहून दिलं. "गाडी चुकली तर?" हा प्रश्न आईचा. त्याचं उत्तर आम्ही तिघींनी मिळून शोधलं: तालुक्याला मावशीचं घर.

त्या वर्षी अंतर्गत गुण काढल्यामुळे राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पुष्कळ मुलं त्यात खचली. ती पास झाली, गणितात चांगल्या गुणांनी, आणि तालुक्याला अकरावी कॉमर्सला गेली.

नंतर

तिची बारावी कोरोनात गेली. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लागला. मधल्या काळात, मे 2020 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने युनिसेफच्या सहकार्याने नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल आणलं. त्यात पाचशेहून अधिक करिअर, महाविद्यालयं, शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा, सगळं मराठीत. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहेच. माहितीच्या बाबतीत आम्ही कॅट्झ-हॅरिस यांच्या काळापेक्षा कितीतरी पुढे आहोत. तिचा धाकटा भाऊ तेव्हा नववीत. घरातला एकुलता स्मार्टफोन फडावर बापाकडे होता. म्हणून त्याच्या सरल आयडीने, म्हणजे राज्याने दिलेल्या विद्यार्थी क्रमांकाने, मी शाळेच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं आणि तिलाच त्याच्या शेजारी बसवलं. त्याने 'वेल्डर' उघडलं तेव्हा तिने विचारलं, "हे आवडतंय का बघितलंय?" मग दोघं जालन्याच्या स्टील कारखान्यांविषयी वाचत बसली.

व्हिस्टन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की संगणक प्रणाली एकटी वापरण्यापेक्षा समुपदेशकाच्या जोडीने वापरली तर तिचा उपयोग जास्त होतो. हे मी तालुक्याच्या शिक्षक बैठकीत मांडते तेव्हा माझी मागणी ठोस असते: दर दहावीच्या मुलामागे एका शिक्षकाला अहवालावर बोलायला अर्धा तास वेळापत्रकात द्या, आणि ती बैठक दसऱ्याच्या आधी, आई-बाप गावात असताना घ्या. तारीख बदलायला एक रुपयाही लागत नाही. आमच्या शाळेत आम्ही ती बदलली आहे. बापाने पोराशेजारी बसून दाणे वाटताना मी पाहिलंय, आणि तो 'सुरक्षितता' वर ठेवतो तिथे पोरगा 'स्वातंत्र्या'वर ठेवतो, तेव्हा कुठे घरात पहिल्यांदा त्या विषयावर बोलणं होतं.

ती बी.कॉम. झाली. मोंढ्यातल्या एका आडतीवर हिशोब ठेवते आणि सकाळी परीक्षांचा अभ्यास करते. आई दोन हंगाम झाले कारखान्याला गेली नाही. बाप अजून जातो. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो, आणि ती टन, खेपा, खाडा लिहून घेते. आता वही निळ्या पुठ्ठ्याची आहे आणि टोळीतल्या नऊ कोयत्यांची पानं तिच्यात आहेत.

अकरावी चिठ्ठी माझ्या कपाटातल्या डब्यात आहे. दरवर्षी मी दहा चिठ्ठ्या मांडते आणि एक कोरी ठेवते. गेल्या वर्षी एका मुलाने तिच्यावर लिहिलं, "गावातच राहायचंय."